नदीचा उरलेला वंश
पहाटे चारला रागनफ्रीदचा दिवस सुरू होई. उठल्यावर ती आधी मत्स्यबीज केंद्रात जाऊन पाइपाला हात लावी. पाइप थरथरत असला म्हणजे पाणी वाहतंय. कॉफी त्यानंतर.

आमच्या नदीतल्या सॅल्मनच्या पिलांना कातडीवरच्या एका परजीवीनं खाल्लं होतं. तो संपवायला संशोधकांनी त्या शरदात सबंध नदीत विष सोडलं. पिंपं वाहायला मी होतो. मासा उरला नाही. त्याआधी धरलेल्या नर-माद्यांची अंडी तेवढी धुऊन, तपासून केंद्रातल्या ट्रेमध्ये ठेवली होती. नदीचा वंश आता त्या खोलीत होता. त्यांच्यावरून गार पाणी अखंड वाहतं ठेवणं ही रागनफ्रीदची नोकरी.

त्याआधी तिनं मासे कापायच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली होती. "तिथं मासे मेलेलेच यायचे," ती म्हणे, "म्हणून झोप लागायची."

डिसेंबरात हिमाशिवाय कोरडी थंडी पडली. एका पहाटे तिनं माझं दार ठोठावलं.

"आस्गाउत, ऊठ. पाइप गप्प आहे."

आम्ही पोचलो तेव्हा केंद्राच्या वरच्या मजल्यावर राहणारा संशोधक ओडवार ट्रेवर ओली फडकी टाकत होता. रागनफ्रीदनं एका ट्रेच्या कडा धरल्या.

"हात काढ," तो म्हणाला.

"सुकतील रे ती. माझ्या घरच्या टाकीत नेऊ."

"ओली राहतील तोवर तगतील. हलवलीस तर आत्ता मरतील. आत पिलांचे डोळे दिसेपर्यंत धक्का चालत नाही. मी नुसता जोरात चाललो तरी तू मला शिव्या घालतेस."

"वेळ किती आहे?"

"दुपारपर्यंत, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय?"

ओडवारनं पाइपाची चावी बंद केली आणि म्हणाला, "जा वर, धबधब्याकडे."

पाणी धबधब्याच्या वरून घेतलेलं होतं. तिथली लोखंडी जाळी भिजल्या साखरेसारख्या बर्फानं लिंपून गेली होती. रागनफ्रीद गुडघाभर पाण्यात शिरली आणि लोखंडी दाताळं चालवू लागली. चार ओढींत त्या दाताळ्याचाच गोळा झाला, उचलेना. लोखंडाला असा बर्फ चिकटतो, लाकडी घ्यायचं, हे तिनंच मला शिकवलं होतं. तिनं हातातल्या दाताळ्याकडे पाहिलं.

"मी काय आणलं हे," ती म्हणाली.

मी जवळच्या लाकडी पायपुलाची एक फळी उखडून दिली, एक स्वतः घेतली. खरवडलेली जागा पुन्हा भरे. दोघांपैकी एकानंही थांबून चालणार नव्हतं.

"दमलास तर बाहेर हो. मी एकटी करीन."

"तोंड बंद ठेव आणि ओढ."

बोटं बधिर झाल्यावर मनगटांनी ओढलं. शेवटी जाळी मोकळी झाली. पुन्हा बर्फ धरू नये म्हणून तिच्यावर फळ्या आणि स्प्रूस झाडाच्या फांद्या घालून आम्ही खाली आलो.

आता चावी उघडायची होती. पाइपात हवा शिरलेली. पाणी एकदम सुटलं असतं तर अंड्यांना तोच धक्का.

"तू उघड," ती ओडवारला म्हणाली. "माझी बोटं बधिर आहेत."

"फडकी ओली करून माझीही."

तिनंच उघडली. केसभर फिरवायची, थांबायची, कान द्यायचे. ट्रेवर पहिलं पाणी पसरलं तेव्हाही आम्ही कुणी हललो नाही.

मेलेलं अंडं पांढरं पडतं. दुसऱ्या दिवशी ती दाराबाहेरच उभी राहिली. "आस्गाउत, आधी तू बघ."

पांढरी होती. कपभर निघाली, बाकीची शाबूत होती. मेलेली रागनफ्रीदनं चिमट्यानं एकेक वेचली. पुढचे दोन महिने दर पहाटे ती तशीच दाराबाहेर थांबे, मी बघून आलो की आत येई. फेब्रुवारीत अंड्यांत काळे ठिपके दिसले, डोळे. त्या दिवसानंतर ती दाराबाहेर थांबली नाही.

पिलं नदीत गेली, काही वर्षांनी मोठी होऊन समुद्रातून परत आली. नदी निरोगी ठरली आणि गळ टाकायला खुली झाली. तिथला परवाना इतका महाग की परदेशी श्रीमंतच काढतात. रागनफ्रीदनं केंद्रातल्या पगारातून साठवलेल्या क्रोनरांत तीन दिवसांचा काढला.

मी म्हणालो, "एवढ्या पैशांत दुकानातून वर्षभराचा सॅल्मन आला असता."

"तो पिंजऱ्यात वाढलेला," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मी सोबत होतो. मासा लागला नाही. वर उसळणारे मासे बघत ती संध्याकाळपर्यंत पाण्यात उभी होती.