कुठल्याच गल्लीचा नसलेला कप्तान

मला कप्तान केलं ते माझ्या खेळासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. खेळ माझा बरा होता. सेंटर हाफला उभा राहायचो, दमायचो नाही आणि अंगावर येणाऱ्याला घाबरायचो नाही. पण आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात माझ्याहून सरस खेळणारे चार-पाच जण तरी होते. मला कप्तान केलं, कारण मी कुणाचाच नव्हतो.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो आणि शाहूपुरीत गुळाच्या एका अडतीत कारकून म्हणून चिकटलो. एका जुन्या पेठेत खोली भाड्यानं घेतली. दिवसभर अडतीत सौद्यांची बोंबाबोंब, आणि संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला भिंती. फुटबॉलची गोडी बोर्डिंगातच लागली होती, म्हणून एका संध्याकाळी धीर करून पेठेच्या तालमीतली पोरं खेळत होती तिथं जाऊन उभा राहिलो. एक गडी कमी होता, त्यांनी मला घेतलं. गाव विचारलं आणि 'पावणं' म्हणायला सुरुवात केली. अनोळखी माणसाला कोल्हापुरात तसंच म्हणतात, त्यात वाकडं काही नाही. फक्त चार वर्षांनीही मी पावणंच होतो.

आमच्या पेठेत दोन गल्ल्या होत्या, वरची आणि खालची. गणपतीच्या मिरवणुकीत कुणाची गाडी पुढं यावरून कधीतरी त्यांचं फाटलं होतं. तो गणपती कुठला आणि ती गाडी कुणाची हे धड कुणालाच सांगता येत नव्हतं, पण राग मात्र ताजा होता. तालीम एक, आखाडा एक, मारुती एक. कुस्ती खेळताना एकमेकांच्या अंगाला माती लावायचे. मैदानावर मात्र पास द्यायचा तो गल्ली बघून. आमचा सेंटर फॉरवर्ड खालच्या गल्लीतला, इंजिनच्या कारखान्यात फिटर होता. डाव्या कडेनं धावणारा लेफ्ट आऊट वरच्या गल्लीतला, त्याचं सायकलचं दुकान होतं. दोघंही असे खेळायचे की बघत राहावं, पण एकमेकांना बॉल देण्यापेक्षा तो मैदानाबाहेर मारणं त्यांना परवडायचं. समोरच्या संघांना हे पाठ झालं होतं. त्या दोघांच्या मधे ते माणूसच ठेवत नसत.

आधीच्या कप्तानानं हात टेकले, तेव्हा वस्तादांनी मला बोलावलं. वस्ताद म्हणजे तालमीचे कर्तेधर्ते, पेठेत त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. ते आखाड्याच्या कडेला बसून लंगोट पिळत होते.

"तू वरचा न्हाईस, खालचा न्हाईस," ते म्हणाले. "तुझ्यावर कोण रुसलं तरी गल्ली काय फुटायची न्हाई. तूच हो कप्तान."

मी खुशीत खोलीवर आलो. त्या वाक्यात माझी लायकी किती आणि सोय किती हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. मला वाटलं, आता आपण यांच्यातले झालो. मला त्या पेठेतलं व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं.

तालमीचा एक रिवाज होता. संघ जिंकला तर हलगी लावून, गुलाल उधळत मोठ्या रस्त्यानं पेठेत यायचं. हरला तर ज्यानं त्यानं मागच्या बोळांनी आपलं घर गाठायचं. कप्तानाला मात्र बोळ नाही. त्यानं एकट्यानं तालमीत जाऊन वस्तादांना निकाल सांगायचा, तो त्यांना आधीच कळलेला असला तरी. कप्तान म्हणून माझ्या पहिल्याच मोठ्या सामन्यात शेजारच्या पेठेकडून आम्ही हरलो. लेफ्ट आऊट गोलसमोर मोकळा उभा होता. सेंटर फॉरवर्डनं त्याच्याकडं पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि दोन माणसं अंगावर असताना स्वतःच लाथ हाणली. बॉल झाडात गेला. मी तालमीत जाऊन सांगितलं, "हरलो." वस्तादांनी मान हलवली आणि पलीकडच्या पोराला जोर मारायला सांगितलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग निघालो.

दुसऱ्या दिवशी मी भाषण केलं. एकी, शिस्त, तालमीचं नाव, असं बरंच बोललो. सगळ्यांनी माना खाली घालून ऐकलं. हे पाहुण्याचं ऐकून घेणं असतं हे मला कळायला हवं होतं. त्या संध्याकाळीही पास गल्ली बघूनच गेले.

मग मी ती दुधाची भानगड केली.

कोल्हापुरात संध्याकाळी गवळी आपापल्या म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. सराव झाला की तालमीच्या खर्चानं प्रत्येक खेळाडूला एक पेला मिळायचा. वरच्या गल्लीची पोरं एका गवळ्याकडं प्यायची, खालच्या गल्लीची दुसऱ्याकडं. दोन घोळके, मधे रिकामी जागा. मी त्या रिकाम्या जागेत टॉवेल घेऊन उभा राहायचो, कारण मी तिथं पीतच नसे. आमच्या घरी दूध गाळून, उकळूनच प्यायचं. आईनं लहानपणापासून अंगात मुरवलेली गोष्ट. रोज ती फट बघून माझं डोकं उठायचं. शेवटी मी हुकूम काढला, उद्यापासून सगळ्यांनी एकाच गवळ्याकडं प्यायचं. कुणाकडं, तर डावीकडच्या. त्याचे पेले जास्त घासलेले दिसत, एवढंच माझं कारण.

तो वरच्या गल्लीचा गवळी होता. उजवीकडचा गवळी आमच्या सेंटर फॉरवर्डचा सख्खा मामा, हे मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं त्याच कट्ट्यावर उभा राहून ठाऊक नव्हतं, यावरून मी तिथं किती होतो ते समजा. दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीतलं एकही माणूस सरावाला आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वस्तादांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "ज्याला दूध प्यायचं न्हाई, त्यानं म्हस कशाला निवडायची?" ही गोष्ट पेठभर झाली. मी खोलीकडं निघालो की कुणीतरी मागून म्हशीसारखं रेकायचं. राग येई, आणि रागापेक्षा जास्त, मागं वळून ज्याच्याशी हसावं असं कुणी नाही याचं वाईट वाटे.

मी त्या मामाकडं गेलो. चूक झाली म्हणालो. म्हातारा म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"भाचा कुठंबी पील हो," तो म्हणाला. "पर माझी म्हस सगळ्या गिऱ्हाइकांम्होरं तटलेल्या कासंनं हुभी ऱ्हायली, पावणं. तिच्याकडं कुणी फिरकलं न्हाई."

त्यानं खाली बसून धार काढली आणि पेला माझ्यापुढं धरला. नको म्हणायची सोय नव्हती. कोमट, फेसाचं, न गाळलेलं दूध मी उभ्यानं प्यालो. चव चांगली होती हे खरं, पण घशाखाली उतरताना आईचा चेहरा समोर आला. त्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा तिच्याशी डोळे भिडवायला मला जड गेलं. जिथं माझं होतं तिथून थोडा सुटलो होतो, आणि जिथं जायचं होतं तिथं पोचलो नव्हतो.

खालची गल्ली परत आली. पुन्हा दोन घोळके, मधे फट. पण आता मी भाषण सोडलं आणि हुकूमही सोडला. एकच गोष्ट ठरवली आणि सगळ्यांसमोर सांगितली. ज्यानं मोकळ्या गड्याला पास दिला नाही, तो पुढच्या सामन्यात बसेल, मग तो कुणीही असो. सगळे हसले. पुढच्याच सामन्यात सेंटर फॉरवर्डनं जुनाच खेळ केला आणि लेफ्ट आऊटनंही. त्याच्या पुढच्या सामन्यात मी दोघांनाही बाहेर बसवलं.

सामना शेजारच्या पेठेशीच होता. दोन हुकमी गडी बाहेर ठेवून त्यांच्याशी खेळणं म्हणजे मरण, हे मलाही दिसत होतं. आम्ही वाईट हरलो. प्रेक्षकांतून माझ्या नावानं काय काय येत होतं ते लिहिण्यासारखं नाही. पण मधेच बॉल बाहेर गेला तेव्हा माझं लक्ष कडेला गेलं. ते दोघं एका बैलगाडीच्या दांडीवर शेजारी शेजारी बसले होते. दुसरीकडं जागाच नव्हती. सेंटर फॉरवर्डच्या हातात भुईमुगाच्या शेंगांचा पुडा होता. तो माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी बोलला, लेफ्ट आऊटनं जोरात मान हलवली आणि पुड्यात हात घातला. त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदा बघत होतो. विषय मी होतो.

तालमीत जाऊन "हरलो" म्हणालो. त्या रात्री माझ्या खोलीच्या दाराला कुणीतरी शेण फासलं. घरमालकिणीनं सकाळी बादली आणून ठेवली आणि निघून गेली. दार धुताना मी विचार करत होतो. वस्ताद म्हणाले होते की माझ्यावर कुणी रुसलं तर गल्ली फुटणार नाही. खरं तर माझ्यावर दोन्ही गल्ल्या एकदम रुसू शकत होत्या, आणि ते काम माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. मी कुणाची समजूत घालायला गेलो नाही. माफी मागितली असती तर ते दोघं पुन्हा दोन बाजूंना गेले असते. मागावीशी फार वाटायची. कुणीतरी आपल्याशी धड बोलावं यासाठी माणूस काय वाटेल ते करायला तयार होतो, हे मला त्या दिवसांत समजलं.

पुढच्या मोसमात दोघांनाही पहिल्यापासून खेळवलं. ते एकमेकांना पास द्यायला लागले. मला दाखवायला म्हणून, दातओठ खाऊन, पण द्यायला लागले. डावीकडून आत, आतून पुन्हा डावीकडं, आणि शेजारच्या पेठेचे लोक बघत उभे. मी मधे मोकळा असलो तरी माझ्याकडं मात्र बॉल येत नसे. मी हात वर करणं सोडून दिलं. मागं राहून समोरच्याकडून बॉल हिसकायचा आणि त्यांच्याकडं लोटायचा, एवढंच करत राहिलो. त्या वर्षी आम्ही स्पर्धेची ढाल जिंकली.

हलगी वाजली, गुलाल उडाला. मिरवणूक मोठ्या रस्त्यानं निघाली, सेंटर फॉरवर्ड आणि लेफ्ट आऊट एकाच गाडीवर. मी तालमीत पोचलो तोवर वस्तादांच्या गळ्यात हार पडला होता. त्यांना निकाल सांगायची गरजच नव्हती. मी तरीही "जिंकलो" म्हणालो. हलगीत ते त्यांना ऐकू आलं नसावं.

रविवारी दुपारी तालमीत जेवण होतं. मटण, तांबडा-पांढरा रस्सा, मोठ्या पंगती. आधीच्या जेवणांना माझ्यासाठी कुणीतरी आठवणीनं केळी आणि गूळ-शेंगदाणे आणून ठेवायचं. मी पंगतीत बसून तेच खायचो, सगळे चेष्टा करायचे आणि मला ते आवडायचं. त्या दिवशी केळी आणायची राहून गेली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. दोन्ही गल्ल्या एकमेकांना आग्रह करण्यात इतक्या गुंतल्या होत्या की माझ्याकडं बघायला कुणाला फुरसत नव्हती. दोन शत्रू एका ताटात जेवत होते. मी रिकाम्या पत्रावळीसमोर बसून ते पाहत होतो. आनंद झाला होता, खोटं बोलत नाही. पण रडू येत होतं हेही खरं. पाणी प्यायचं निमित्त करून उठलो आणि खोलीवर आलो.

पुढच्या मोसमाआधी मी कप्तानकी सोडली. अडतीनं मला सांगलीच्या पेढीवर पाठवायचं ठरवलं होतंच. माझ्या जागी सेंटर फॉरवर्डचं नाव लेफ्ट आऊटनं सुचवलं, आणि दोन्ही गल्ल्यांनी ते उचलून धरलं.

सांगलीला निघायच्या आदल्या रविवारी मी ट्रंक बांधत होतो, तर दारात सेंटर फॉरवर्ड उभा. माझ्या खोलीवर संघातलं कुणी येण्याची ती पहिलीच वेळ. बसायला सांगितलं तर उंबऱ्यावरच बसला. आदल्या दिवशी कप्तान म्हणून तो पहिला सामना हरला होता. पास न दिल्याबद्दल लेफ्ट आऊटला त्यानं मधेच बाहेर काढलं होतं, हे अडतीत माझ्या कानावर आलं होतं.

तो चपलेचा अंगठा ओढत राहिला. मग म्हणाला, "काल मागच्या बोळानं सगळी घरला गेली. मी एकटाच तालमीत गेलतो."

ट्रंकेचं झाकण लावून मी तिच्यावर बसलो.

"कोण बोलंना झालंय माझ्यासंगं. घरात मामाबी बोलंना. तुमी हे सगळं कसं काढलासा हो, पावणं?"

इतकी वर्षं मला जे कुणीतरी विचारावं असं वाटत होतं, ते त्यानं विचारलं होतं. सवय होते असं म्हणणार होतो, पण ते खोटं झालं असतं. "नाही काढलं," मी म्हणालो. "अजून तेच चाललंय."

त्यानं मान हलवली. मग सदऱ्याच्या आड धरलेली केळ्यांची फणी काढून ट्रंकेवर ठेवली. एक मोडून माझ्या हातात दिलं, एक स्वतः सोललं. तो उंबऱ्यावर आणि मी ट्रंकेवर, असे बसून आम्ही सगळी फणी संपवली.