अंगणातला पांढरा बाक

लोखंडाच्या गावात अख्खा संसार केला, पण बसायला लोखंडाचा एक धड बाक अंगणात यायला माझी साठी उलटावी लागली.

लग्न होऊन भिलाईत आले ती सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये. नवरा प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. क्वार्टर कंपनीचं, त्यामुळे भिंतीला खिळा ठोकायचा म्हटलं तरी ते म्हणायचे, "आपलं थोडीच आहे? रिटायर झालो का खाली करून द्याचं आहे." म्हणून आमचं सगळं घडीचं. घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, ट्रंकांवर चादर टाकून केलेला दिवाण. संध्याकाळी अंगणात बसायचं तर खुर्ची उचलून न्यायची, उठताना उचलून आणायची. मी टोमणा मारायची, "साऱ्या देशाले लोखंड पुरवता, अन् बायकोले बसाले एक बाक नाही!" ते हसायचे. स्वतःचं घर झालं की करू, म्हणायचे.

स्वतःचं घर झालं, स्मृती नगरात. त्यांनी मोठ्या हौसेनं ते पहिल्यापासूनच मुलाच्या नावावर केलं. एकुलता एक, पुढे त्याचंच, मग कागद दोनदा कशाला करायचे? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाक मात्र राहून गेला आणि एक दिवस तेही गेले. मुलगा पुण्याला नोकरीला. मी एकटी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पेरूवरचे पोपट हाकलायची. अंगणाचा विषय काढला की मुलगा म्हणायचा, "आई, कौन बैठता है वहाँ?" रोज मीच बसत होते, पण ते बहुधा मोजण्यासारखं नसावं.

एका दिवाळीला आला आणि आपणहून म्हणाला, "आई, अंगण मस्त सजवू. रॉट आयर्नचं. तुले कसं पाहिजे तू फक्त सांग, बाकी मैं देख लूंगा."

मी हुरळले. कशाला लपवू, डोळ्यांत पाणी आलं. पोराला आईचं मन कळलं, असं मी त्या दिवशी देवासमोर बोलूनही दाखवलं. देवानं तेव्हाच मला गप्प करायला हवं होतं.

मुलगा पुण्याला परतला आणि मी कामाला लागले. कँप-वनमध्ये एक वेल्डिंगचं दुकान आहे, गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात तिथे. नमुना दाखवा म्हटलं तर दुकानवाल्यानं माझ्या हातात खडू दिला. ही मंडळी फरशीवर पूर्ण मापाचं चित्र काढतात आणि पट्टी तापवून, वाकवून त्या रेघेवर बसवून बघतात. मी पदर खोचून खाली बसले आणि बाकाच्या पाठीची वेल काढली. जन्मभर दारात रांगोळी घातलेला हात, तो थोडाच अडणार? चार दिवसांनी माझीच वेल लोखंडाची होऊन उभी होती. मग दोन खुर्च्या झाल्या, गोल टेबल झालं, कुंड्यांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी झाली.

रंगावरून वाद झाला. मी काळा म्हणत होते. इथली धूळ लालसर, पांढऱ्यावर लगेच दिसते, सेक्टरात चादरी वाळत घालून मी ते शिकलेय. पण मुलगा फोनवर हटूनच बसला. "पांढराच उठून दिसते. दोन-तीन महिने टिकला तरी बहुत है." आजकालच्या पोरांना टिकाऊपणाचं काही पडलेलंच नाही, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

बाकाचे पाय मात्र मी जमिनीत सिमेंटनं पक्के करून घेतले. दुकानवाला सांगत होता की रबरी बूट लावतो, म्हणजे हलवता येईल. मी म्हटलं, हलवायचाच नाहीये. जन्मभर हलवाहलवच केली. मुलाला फोनवर सांगितलं तर त्यानं विचारलं, "फिक्स केला? कावून?" मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "चलो, अच्छा ही है."

सगळं लागल्यावर तो दोन दिवसांसाठी आला. येताना बस्तरच्या लोखंडी दिवल्या घेऊन आला, भिंतीला लावायला. मी नवी साडी नेसून बाकावर बसले, त्यानं माझा फोटो काढला. मग म्हणाला, "आता जरा बाजूला हो आई, नुसत्या अंगणाचे काढतो." मी झाले बाजूला. वर त्याला सांगितलं, इकडून काढ, पेरू पण येईल. टेबलावर तांब्याच्या कळशीत झेंडू ठेवला, तोही मीच.

त्यानंतरचे दिवस सुखाचे गेले. सकाळी फडकं घेऊन बाक पुसायचा आणि उन्हात चहा घेऊन बसायचं. शेजारीण येऊन छत्तीसगढीत कौतुक करायची, "बने दिखत हे दीदी." मी मान ताठ करून सांगायची, बेटे ने करवाया.

मग एका रविवारी एक नवराबायको दारात आले. तरुण, चांगल्या घरचे दिसत होते. मुलाचं नाव घेतलं, म्हणून मी त्याचे मित्र समजले. चहा केला, चकल्या काढल्या, अंगणात बसवलं. बाई खुर्चीवरून हात फिरवत होती. मला कौतुकाचं भरतं आलं. मी घर दाखवलं. पाणी दोन्ही वेळा येतं, शेजार सोन्यासारखा आहे, उन्हाळ्यातही मागच्या खोलीत कूलर लागत नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी सगळं सांगितलं.

उठता उठता बाई म्हणाली, "आंटी, ये सब फर्नीचर साथ में ही है न? आपके बेटे ने बोला था, बेंच तो फिक्स है." आणि खात्री करायला फोन पुढे केला. त्यात माझं अंगण होतं, माझी कळशी होती, पेरूसुद्धा होता. फोटोखाली लिहिलेलं, घर विकायचं आहे.

ज्या घरातून मला बाहेर काढायचं चाललं होतं, त्या घराची तारीफ मीच तोंड भरून करून बसले होते. "हाँ, सब यहीं का है," एवढं म्हटलं आणि त्यांना गेटपर्यंत पोचवलं. त्यानंतर मी बाकावर बसले नाही. बसवेना. मुलाचा फोन आला तो उचललाही नाही.

व्यवहार ठरवायला मुलगा आला. चेहऱ्यावर चोरटेपणा काहीच नाही, त्याचाच मला जास्त राग आला. पुण्याला माझ्यासाठी वेगळी खोली आहे म्हणाला, डॉक्टर जवळ आहे म्हणाला. "आई, खाली घर ठेवून काय कराचं?"

"खाली कसं?" मी म्हटलं. "मी राहून राहिली ना त्याच्यात."

मग मी ते विचारलं, जे विचारायला इतके दिवस दात-ओठ खाऊन बसले होते. "विकाचं होतं तर विकाचं होतं. घर तुझं आहे. पण मले कावून नाही सांगितलं? मले बाक करून दिला, रंग लावाले लावला, दिवल्या आणल्या. आईले आधी सांगता नाही आलं तुले?"

त्यानं अंगणावरून नजर फिरवली. पांढरा बाक, कुंड्या, वेल. आणि हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आई, सांगितलं असतं तर तू एवढं सुंदर सजवलं असतं का?"

त्यानं ते कौतुकानं म्हटलं होतं.