शकीलचा चौथा होम रन

ज्याला राग गिळता येतो त्याच्याकडे किस्से साठत नाहीत. माझ्याकडे पोतंभर आहेत, कारण आठ वर्षं मी आकुर्डीत कामगारांची बेसबॉल टीम सांभाळतोय. कॅप्टन मी, कोच मी आणि बोंबलायलाही मीच!

आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून मॅच गुरुवारी. सगळे जन्मापासून क्रिकेट खेळलेले. सगळा घोळ इथेच आहे.

*

शकील काळेवाडीचा गॅरेजवाला. मनगट असं की पान्याशिवाय नट सोडवेल. पहिल्याच मॅचला गड्याने बॉल थेट भिंतीपलीकडे हाणला. होम रन! पण बेसबॉलमध्ये बॉल कितीही लांब जावो, चारही बेसना पाय लावून यावंच लागतं. हा पठ्ठ्या बॅट खांद्यावर टाकून जागेवरच उभा!

"पळ की लेका!" मी ओरडलो.

"कशाला अण्णा? सिक्स गया ना!"

अंपायरने वाट पाहिली, पाहिली आणि आऊट दिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

मग पळायला शिकला. एकदा त्याचा होम रन रस्त्यावरच्या टेम्पोच्या काचेत गेला. ड्रायव्हर शिव्या घालत आत आला आणि शकीलला बघून गपकन थांबला.

"शकीलभाई, कालच तुम्ही बसवली होती ना ही!"

शकील शांतपणे म्हणाला, "फिटिंग बघितली का? फ्रेम हलली पण नाही."

*

एकदा त्याने एका मॅचमध्ये तीन होम रन मारले. तीन! मी आनंदाने आमच्या कंपनीच्या एचआर साहेबांना सांगायला गेलो, म्हटलं नोटीस बोर्डावर दोन ओळी लावा. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"छान! किती ओव्हर्समध्ये?"

मी कपाळावर हात मारला आणि केबिनचा दरवाजा असा आपटला की शिपाई उठून उभा राहिला.

*

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते लातूरच्या दत्ताने. हा आधी मारून फर्स्ट बेस गाठून थांबलेला, शकील बॅटिंगला. शकीलने होम रन ठोकला. दत्ताने पुढे पळायचं, शकीलने त्याच्या मागून यायचं, एवढं साधं! मागच्याने पुढच्याला ओलांडलं की मागचा आऊट, होम रनही गेला. पण हा दत्ता मूठ पुढे करून उलटा शकीलकडे आला, क्रिकेटमध्ये दोघं पिचच्या मध्ये मुठी भिडवतात तसा! शकील वेगात त्याच्या पुढे गेला आणि आऊट.

"अक्कल गहाण ठेवलीस का रे?"

"अण्णा, बॉल बाहेर गेलाय, मग पळू कामून?"

"ग्राउंडला दहा फेऱ्या!" मी सगळ्यांना दम भरला, "इथून पुढे जो कोणी हे करेल त्याला हीच शिक्षा. आणि शकील, मारला की मान खाली घालून पळायचं. कुणाकडे बघायचं नाही!"

*

एका मॅचमध्ये चार होम रन. शंभर-सव्वाशे वर्षांत मोठमोठ्या खेळाडूंपैकी मोजक्यांनाच जमलंय, हे मीच शकीलच्या डोक्यात भरवलं होतं. पण गॅरेजात गिअरबॉक्स उचलून उचलून त्याचा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, खेळ बंद. एक शेवटची मॅच त्याने भांडून मागून घेतली.

त्या मॅचमध्ये तीन झाले. प्रत्येक वेळी खांदा धरूनच परत आला. चौथ्यांदा बॅटिंगला आला तेव्हा फर्स्ट बेसवर मी होतो.

शकीलने मारला. आवाजावरूनच कळलं. भिंत, रस्ता, पलीकडच्या शेडचे पत्रे, सगळं ओलांडून बॉल गेला. चौथा! मला रडूच फुटलं, राव. आठ वर्षं ज्याच्यावर खेकसलो त्याला मिठी मारायला मी सेकंड बेसच्या अर्ध्या वाटेतून दोन्ही हात पसरून मागे धावलो.

शकील मान खाली घालून, कुणाकडेही न बघता, सुसाट येत होता. फर्स्ट बेसला पाय लावला आणि माझ्या बगलेखालून पुढे निघून गेला.

अंपायरचा हात वर गेला.

मॅच आम्ही जिंकलो. पण टीममधलं कुणी माझ्याकडे बघेना. शकीलने हेल्मेट काढलं, खांदा चोळला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "दहा फेऱ्या."

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.