दोमितिलाची दोन मिनिटं

सान लिसांद्रोत कुणालाही विचारा, दोमितिलाला "कशी आहेस?" हा प्रश्न कधी विचारू नये. विचारलात तर ती खरंच सांगते. शेजारची चायो एकदा कुंपणाशी मीठ मागायला गेली, ती परत आली तेव्हा चुलीवरच्या घेवड्याचा कोळसा झाला होता आणि मीठ मागायचं राहून गेलं होतं. पीचच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पट्ट्यावरची फळं निवडताना दोमितिलाचे हात जेवढे चालले, त्याहून जास्त तिचं तोंड चाललं.

नवरा एलादिओ अगदी उलट. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर अंगात कणकण आहे की काय म्हणून ती त्याचं कपाळ चाचपायची. तो बोलत नसे याला दुसरंही एक कारण होतं. दोमितिलाकडे या देशात राहायच्या परवान्याचे कागद होते, एलादिओकडे नव्हते. त्यामुळे सरकारी म्हणून जी काही इमारत असेल, तिची पायरी त्यानं चढायची नाही, हा तिचा कायदा. टपालसुद्धा तीच टाकायची.

आणि अशा घरात राहून ही बाई काय करायची, तर जुन्या अग्निशामक केंद्राच्या मागच्या खोलीत पंचायत भरवायची. खोली शहराची, पाच वर्षांच्या भाड्यावर घेतलेली. तिथे मंगळवारी एक वकीलबाई फुकट सल्ला द्यायला यायची. तिथे एक फोन होता. कागद नसलेल्यांना पकडणाऱ्या पांढऱ्या गाड्या गावात दिसल्या की तो खणखणायचा आणि दहा मिनिटांत सगळ्या वस्तीला खबर पोचायची. कुणाची आई कामावरून उचलली गेली, तर शाळेतून तिची पोरं आणून याच खोलीत बसवायची, मक्याच्या पिठाचे गरम गरम तमाले खायला घालायचे आणि कुणी नातेवाईक येईपर्यंत त्यांना रडू द्यायचं नाही. ते काम दोमितिलाचं. तिची बडबड चालू असताना रडायला फट सापडणार कुठून?

महापौर प्रुइटसाहेबांच्या डोळ्यांत ही खोली खुपायची. त्यांनी ठरवलं की तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान निघालं तर गावाची शान वाढेल. भाडेकराराची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. संध्याकाळी पाचच्या आत शहरानं खोली सोडण्याची लेखी नोटीस दिली, तर खोली गेली. नाही दिली, तर करार आपोआप आणखी पाच वर्षं पुढे. साहेबांनी हुशारी करून शुक्रवारी दुपारी तीनलाच सभा बोलावली. ऐन हंगाम, निम्मी वस्ती कारखान्यात. नोटीस आधीच टाइप करून चिटणीसबाईंच्या फाइलीत तयार होती. फक्त नगरसेवकांचे हात वर व्हायचे बाकी होते.

"मतदानाआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं," वकीलबाईनं सांगितलं होतं. "जो बोलायला उठेल त्याला दोन मिनिटं."

"दोन?" दोमितिला म्हणाली. "दोन मिनिटांत मी शिंकतसुद्धा नाही."

निघताना तिनं एलादिओला गाडीतच बसवलं. "म्हाताऱ्या, काचा खाली ठेव, पाणी पी. आणि आत पाऊल टाकलंस तर मीच तुला पोलिसांच्या ताब्यात देईन."

सभागृहात सत्तावीस माणसं जमली. दाराशी दोन पोलीस उभे. प्रुइटसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि गोड हसून म्हणाले, "आज काम फार आहे. प्रत्येकी एकच मिनिट."

सत्तावीस मिनिटं! म्हणजे चारच्या आत खेळ खलास. चायोनं दोमितिलाचा दंड धरला. "सखे, आता गं?"

दोमितिला उठली. तिचं इंग्रजी इतकं चांगलं होतं की कारखान्याच्या मुकादमाला ती त्याच्याच भाषेत शिव्या घालायची. पण माइकसमोर उभं राहून तिनं डोळे अगदी भोळे केले आणि स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मला दुभाषा हवा."

साहेबांचा चेहरा पडला. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यायचा, हा नियम भिंतीवरच टांगलेला होता. म्हणजे एकाची पुन्हा दोन मिनिटं, आणि त्यावर भाषांतराची वेगळी दोन. शिवाय शहराचा दुभाषा म्हणजे तुलिओ. निवृत्त शिक्षक, स्वभावानं काटेकोर. खोकलासुद्धा भाषांतरातून सुटू द्यायचा नाही.

"बाई म्हणतात," तुलिओनं चष्मा पुसून, घसा साफ करून सांगितलं, "की त्यांची आजी एक कोंबडी पाळत असे. तांबडी."

"कोंबडीचा इथे काय संबंध?" साहेब ओरडले.

"साहेब विचारतात, कोंबडीचा काय संबंध," तुलिओनं निमूटपणे दोमितिलाला सांगितलं.

"त्यांना सांगा, अंड्यावर बसलेल्या कोंबडीला उठवलं तर ती डोळे फोडते."

दोमितिलानं वाट दाखवल्यावर बाकीचे मागे हटतात होय? याच गावात जन्मलेली, स्पॅनिशमध्ये धड शंभरापर्यंत न मोजता येणारी पोरंसुद्धा "दुभाषा!" म्हणून उभी राहिली आणि अशी मोडकीतोडकी स्पॅनिश बोलली की तुलिओला भाषांतर करण्याआधी ती दुरुस्त करावी लागली. साहेब पेन आपटत होते. सभेला हसू आवरत नव्हतं.

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी सत्ताविसावा माणूस खाली बसला. यादी संपली. दोमितिला पुन्हा उठली.

"एका माणसाला एकदाच," साहेब म्हणाले. "आणखी कुणी? नाही? तर मग—"

"मी आहे."

मागच्या रांगेतून आवाज आला. दोमितिलाला तो ओळखायला क्षणभर लागला, कारण इतक्या मोठ्यानं तिनं तो कधी ऐकलाच नव्हता. हॅट छातीशी धरून एलादिओ येत होता. शिडीवरून पडून अधू झालेला गुडघा, त्यामुळे चाल सावकाश. तिनं डोळ्यांनी, हातांनी, ओठांनी खुणा केल्या. परत जा. बस. माझी शपथ आहे. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"नाव सांगायचं बंधन नाही," चिटणीसबाई हळूच म्हणाल्या.

"एलादिओ बान्युएलोस," तो म्हणाला. "नीट लिहून घ्या, बाई. घर नंबर एकशे चाळीस, कालव्याची गल्ली. एकतीस वर्षं इथे आहे. साहेब, तुमच्या घरामागे पीचची चार झाडं आहेत ना, ती मी लावलीत. तुम्ही तेव्हा शाळेत होता." त्यानं हॅट खाली घेतली. "माझ्याकडे कागद नाहीत."

तुलिओची जीभ त्या दुपारी पहिल्यांदा अडखळली. त्यानं दाराशी उभ्या पोलिसांकडे पाहिलं. खालच्या आवाजात विचारलं, "एलादिओ, हे सांगू?"

"सांगा. तेवढ्यासाठीच गाडीतून उतरलो."

तुलिओनं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, आणि अगदी सावकाश. पोलीस आपल्या बुटांकडे बघत राहिले. कुणीच हसत नव्हतं.

"गेल्या वर्षी मला उचललं असतं," एलादिओ म्हणाला, "पण त्या खोलीतल्या फोननं वाचवलं. ती खोली तुम्हाला देणार नाही. झालं."

तुलिओचं "झालं" उच्चारून झालं तेव्हा घड्याळात पाच वाजून एक मिनिट झालं होतं. चिटणीसबाईंनी फाइल मिटली.

खोली वाचली म्हणून बाहेर वस्तीनं नुसता दंगा केला. दोमितिला मात्र गाडीत बसल्यापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. चायो सांगते, तिला तर त्याचीच जास्त भीती वाटली.

मग तीन दिवस दोमितिला पडद्याआडून रस्ता बघत बसली. पांढरी गाडी, पांढरी गाडी, एवढंच डोक्यात. कालव्याच्या गल्लीतल्या बायकांनी काय करावं? खुर्च्या काढल्या आणि एकशे चाळीस नंबरच्या दारासमोर ओळीनं मांडल्या. वाटाणे सोलायचे, पाळीपाळीनं, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. खबर द्यायला फोन चायोच्या मांडीवर. एवढे वाटाणे खाणार कोण, हे कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी एलादिओ रंगाचा डबा घेऊन बाहेर आला. फाटकावरच्या पत्रपेटीवर इतकी वर्षं एकट्या बायकोचं नाव होतं. त्याखाली त्यानं तांबड्या रंगात, जीभ दातांत धरून, आपलं नाव काढलं.

बायका वाटाणे विसरून बघत राहिल्या. दोमितिला दार उघडून आली. तिनं पेटीकडे पाहिलं, मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन, डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं.

"म्हाताऱ्या," ती तिथूनच ओरडली, "अक्षरं बारकी काढलीस. इथून वाचता येत नाहीत. मोठी कर!"