मोठ्या ‘अ’चं बटण

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे साचत जातात आणि धुवायची पाळी कुणाचीच नसते. आज मी थोडे धुऊन टाकतो.

आधी मी काम काय करतो ते सांगतो, कारण निपाणीला आमच्या घरी अजून कुणाला ते धड कळलेलं नाही. बेंगळुरूतली आमची कंपनी ब्राउझर बनवते, म्हणजे ज्यातून तुम्ही इंटरनेट बघता ते. त्यातलं कुठलं बटण लोक किती वेळा दाबतात, हे मी मोजतो. त्यावरून कुठलं बटण ठेवायचं आणि कुठलं काढायचं ते ठरतं. बाबांना हे एकदा नीट समजावलं. ते म्हणाले, “आणि ह्यासाठी तुला इंजिनिअर केला.”

सात वर्षं झाली. आता मलाही त्यांचंच पटायला लागलंय.

*

आमचे साहेब प्रकाश सर. त्यांचं एकच म्हणणं, आकडा बोलतो, आपण ऐकायचं. एकदा आकडा बोलला की सगळ्यात जास्त ‘मागे जा’चं बटण दाबलं जातं. सर म्हणाले, मग ते मोठं करा. मिहीर म्हणून पुण्याचा एक डिझायनर आहे आमच्याकडे, त्याने कुरकुरत मोठं केलं. महिन्याभरात आकडा आणखी चढला. सरांनी केक मागवला.

मिहीरला काही चैन पडेना. तो चार माणसांच्या शेजारी जाऊन बसला, ती कशी वापरतात ते बघायला. बटण इतकं मोठं झालं होतं की लोकांचा हात चुकून त्याच्यावर पडत होता. मग बिचारे ‘पुढे जा’ दाबून परत येत होते. मिहीरने हे सगळं सरांना सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे दोन्ही बटणं लोकप्रिय आहेत.”

केक मात्र चांगला होता.

*

नंतर ‘पान साठवा’चा आकडा वाढायला लागला. रोज वाढायचा, रविवारीसुद्धा. लोकांना हे फार आवडलंय म्हणून सरांनी वरच्या साहेबांपुढे तासभर भाषण दिलं. मी खोदत बसलो, तर हा सगळा वापर एकाच ठिकाणाहून येत होता. आमच्याच मजल्यावरून.

कोपऱ्यात एक मशीन आहे, नवीन ब्राउझर तपासणारं. ते दिवसभर आपणहून तेच बटण दाबत बसलं होतं. त्याला मोजणीतून वगळायचं काम माझं होतं आणि मी विसरलो होतो. तेव्हापासून मिहीर त्या मशीनला ‘आपला ग्राहक’ म्हणतो. जाता-येता नमस्कारही करतो.

*

आता सुलोचनाक्का. बसवनगुडीच्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. आमच्या टीममध्ये सगळ्यात जुनी. वरच्या पट्टीवर एक मोठा ‘अ’ आहे, तो दाबला की पानावरची अक्षरं मोठी होतात. ते बटण अक्काने केलं, तिच्या वडिलांसाठी. मोतीबिंदू काढला तरी त्यांना बारीक दिसत नाही आणि सकाळचा पेपर ते कॉम्प्युटरवरच वाचतात. मेनूत जाऊन तीन ठिकाणी दाबा म्हटलं, तर ते कॉम्प्युटर बंद करून नुसते बसून राहतात.

काढायच्या बटणांची यादी निघाली, त्यात पहिलं नाव मोठ्या ‘अ’चं. आकडा माझाच होता. अक्का माझ्या टेबलापाशी आली. “आमचे अप्पा रोज दाबतात. ते धरलेस का रे?”

मी विचारलं, त्यांच्या कॉम्प्युटरवर वापराची माहिती पाठवायची परवानगी चालू आहे ना? ती चालू असेल तरच आम्हाला मोजता येतं. अक्काचा चेहरा उतरला. ती तिनेच बंद केली होती. घरचं बाहेर कशाला, म्हणून.

तिला काय बोलणार? मीही बाबांचं तेच केलंय. जेवताना सगळ्यांना विचारलं, तर मिहीरचं बंद, त्याच्या आईचं बंद. ज्यांना मोठी अक्षरं लागतात त्यांचे कॉम्प्युटर त्यांची पोरंच लावून देतात, आणि जाणती पोरं पहिलं काम हेच करतात. प्रकाश सरांचं तर मी माझ्या हाताने बंद केलंय, नवीन लॅपटॉप आला त्याच दिवशी. “मी काय करतो ते कुणाला कळायला नको,” म्हणाले होते.

हे सगळं मी रिपोर्टात लिहिलं, सरांचं नाव तेवढं गाळून. सरांनी परत पाठवलं. हे मत झालं, आकडा दे म्हणे. जे मोजलंच गेलं नाही त्याचा आकडा कुठून आणू? मला फार वाईट वाटलं. पण मी यादी होती तशीच पाठवली, कारण भांडायचं त्राण उरलं नव्हतं. अक्का एवढंच म्हणाली, “सरी, ठीक आहे. शुक्रवारी मीटिंगमध्ये बघू.”

*

शुक्रवारी प्रकाश सरांनी ती यादी प्रोजेक्टरने भिंतीवर लावली. लॅपटॉप त्यांचा, ब्राउझर आमचाच. अक्षरं मुंगीएवढी. मागून मिहीर म्हणाला, काही दिसत नाही.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनवर वाकले आणि मोठा ‘अ’ दाबला.

“आता?”

“स्वल्प अजून,” अक्का म्हणाली.

त्यांनी पुन्हा दाबला. मग आणखी एकदा, स्वतःलाच नीट दिसावं म्हणून. यादी भिंतभर झाली. सर समाधानाने मागे टेकले आणि त्यांनी पहिली ओळ वाचली.

“मोठा ‘अ’. हे कुणीच वापरत नाही. काढू या. कुणाची हरकत?”