दोन गाण्यांमधली खरखर

आमचे हे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. विहारासमोर मांडव टाकायचा, भन्तेजींना बोलवायचं, गावाला जेवू घालायचं, असं सगळं मुलाने ठरवलं. मी एकच गोष्ट मागितली. म्हटलं, त्या दिवशी मांडवात त्यांची तबकडी वाजली पाहिजे.

ह्यांचा भोंग्याचा धंदा होता. केनवडच्या आसपास कुठे लग्न असो की जयंती, बैलबंडीत बॅटरी, मशीन, दोन भोंगे आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी घालून हे निघायचे. पुढे कॅसेटी आल्या, मग डीजे आले, आणि भोंगे गोठ्याच्या माळ्यावर गेले. पेटी मात्र ह्यांनी शेवटपर्यंत खाटेखाली ठेवली. आता उघडली तर बहुतेक तबकड्या पापडासारख्या वाकलेल्या. एकच सरळ निघाली, लग्नाच्या गाण्यांची. मला नेमकी तीच हवी होती.

कारण मी मुलाला सांगितलं नाही. ह्यांचा आवाज घरात कुठेच उरला नव्हता. मोबाईलमध्ये फोटो ढीगभर आहेत. भाच्याच्या लग्नातला एक व्हिडिओ आहे, त्यात हे पंगतीकडे बघत गप्प उभे आहेत. घरी तसेही ते कमीच बोलायचे. ‘हूं’ आणि ‘उंहूं’ एवढ्यावर आमचा संसार झाला. पण भोंग्यावर बसले की आवाज असा मोकळा सुटायचा की पलीकडच्या गावाने ऐकावं. तबकडी फिरतच असायची आणि हे मधेमधे माईकवर सांगायचे, पंगत बसली म्हणून, कुणाचं लेकरू रडून राह्यलं म्हणून. ती तबकडी मी जेव्हा जेव्हा ऐकली, तेव्हा तिच्यात हे बोलत होते. घरी तिला कधी हात लावू दिला नाही. सुई झिजते म्हणायचे. त्यामुळे माझ्या मनाने घेतलं होतं की तबकडी वाजली तर हेही बोलतील. तबकडीत त्यांचा आवाज भरलेला नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळून काय होतं?

नात वाशिमला शिकते. तिने कुणाकडून तरी लॅपटॉपला जोडायचा रेकॉर्ड प्लेअर मागून आणला. एक अख्खी बाजू वाजवून लॅपटॉपमध्ये भरली आणि मग मला पडद्यावर दाखवली. लांबच लांब पट्टी, तिच्यात गाण्यांचे उंचवटे.

“हे सॉफ्टवेअर आपोआप गाणी वेगळी करते, आजी,” ती म्हणाली. “जिथं आवाज बंद पडला तिथं त्याले समजते, गाणं संपलं. मंग तिथून कापते. मधली रिकामी जागा फेकून देते.”

“रिकामी जागा काहून फेकते?”

“ठेवून काय करतं तिचं?”

नवरासुद्धा बोलायचा तो त्या रिकाम्या जागेतच, हे त्या पोरीला कसं सांगावं?

तबकडीच्या त्या बाजूला पाच गाणी आहेत, तसं वरच्या कागदावर छापलंय. सॉफ्टवेअरने तुकडेही पाचच केले. नात खूश झाली, मला म्हणाली, “पाह्य, हिशोब बरोबर आला.” मी म्हटलं, आता नवरी येण्याचं गाणं लाव.

“कोनतं ते?”

“दुसरं.”

तिने दुसरा तुकडा लावला. वाजलं तिसरं गाणं, तेही अर्धंच. त्या गाण्यात गवई मधेच थांबतो, ढोलकीही थांबते, आणि तेवढ्यात मांडवात टाळ्या पडायच्या. सॉफ्टवेअरला वाटलं गाणं संपलं, म्हणून त्याने तिथेच कोयता चालवला. टाळ्यांची जागा त्याला काय माहीत! मग माझं दुसरं गाणं गेलं कुठे? नातीने शोधलं तर ते पहिल्या तुकड्याला शेपटासारखं चिकटलेलं. पहिलं आणि दुसरं मिळून एकच तुकडा झाला होता.

“यांच्या मधात आवाज बंदच नाई होत ना,” ती पडद्याकडे वाकून म्हणाली. “आइक.”

पहिलं गाणं संपलं. आणि मग खर्र, खट्, खर्र, खर्र.

मला तिथेच सगळं दिसलं.

ह्यांची एक रीत होती. नवरी मांडवाशी आली की हे दुसरं गाणं लावायचे. सुई दोन गाण्यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर टेकवायची, ती टेकली की माईक उचलायचा आणि सांगायचं, “नवरी येऊन राह्यली, बायामान्सांनी वाट द्यावं!” आधी सुई, मगच माईक. कारण सुई ठेवायला दोन्ही हात लागायचे. इतक्या लग्नांत, इतक्या मांडवांत, कधी कंदिलाच्या उजेडात सुई त्याच नखभर पट्टीवर उतरली. सगळे ओरखडे तिथेच जमा झाले होते.

माझ्या लग्नातही तेच. आता तेव्हाची मी आठवते आणि हसू येतं. ठेंगणी, पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेली, नाकात सर्दी, आणि तोरा असा की जणू सगळा रिसोड तालुका हिलाच बघायला आलाय. नवरा तिने नीट बघितलाही नव्हता; बघायला आला तेव्हा ही चुलीमागून त्याचे पाय बघून आली होती. तर ही बाई मांडवाच्या तोंडाशी उभी, आणि भोंग्यातून तो आवाज आला. नवरी येऊन राह्यली, वाट द्यावं. बायका दोन्हीकडे सरकल्या. ही शहाणी मनात म्हणते, असा आवाज असणाऱ्या माणसाशी आपलं लगीन झालं असतं तर! मग मांडवात पाहते तर नवरदेवाची जागा रिकामी. बायका खुसखुसायला लागल्या. झालं, नवरदेव पळाला म्हणते. रडायलाच लागली बया.

तेवढ्यात भोंग्यातून तोच आवाज, “नवरदेव सुई ठेवून राह्यला, येऊनच राह्यला!”

हाताखालच्या पोराच्या हातात सुई द्यायला जीव होत नव्हता म्हणून हा माणूस स्वतःच्या लग्नात मशीनवर जाऊन बसला होता. माझी आई नंतर कित्येक वर्षं म्हणायची, “जवाई चांगला हाये, पन जागेवर सापडत नाई.”

“आजी, कुठं हरवली?” नातीने मला हलवलं. “पुढं आइक.”

खरखर संपली आणि एक बासरी सुरू झाली. हळू, एकटीच. मग कुणीतरी बाई नुसतं गुणगुणली, शब्द नाहीत. मी म्हटलं, “हे आपल्या तबकडीतलं नोहे. तू दुसरं कायतरी लावलं.”

“आपलंच हाये व आजी! ही पाह्य ना तबकडी.”

मी हट्टाला पेटले. दुसरं गाणं ढोलकीनेच सुरू होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. मग ढोलकी आली, माझं ओळखीचं गाणं आलं, आणि मला उमगलं. ही बासरी त्या तबकडीत पहिल्या दिवसापासून होती. आम्हाला कुणाला ती कधी ऐकू आली नाही, कारण तिच्यावर दरवेळी हे बोलत होते. आता ती अगदी स्वच्छ ऐकू येत होती. हे बोलत नव्हते म्हणूनच ती ऐकू येत होती.

हे गेले त्या दिवशी मी रडले होते ते चार माणसांत. आता लॅपटॉपपुढे बसून रडले ते वेगळं होतं. नातीने पाण्याचा गडवा आणून माझ्याजवळ ठेवला आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, “आजी, इथं मले हातानं कापा लागते. आन हे खरखर साफ करता येते. एक बटन हाये.”

“ज्यानं केली त्याले इचारलं काय?” मी म्हटलं. “खबरदार हात लावशील तर!”

“बरं. मंग कुठून कापू? खरखर पयल्या गाण्याच्या मागं ठेवू, का दुसऱ्याच्या पुढं?”

ह्याचं उत्तर मला लगेच देता आलं. आधी सुई, मग नवरी. म्हटलं, “दुसऱ्याच्या पुढं.”

कार्यक्रमाच्या दिवशी त्रिशरण पंचशील झालं, भन्तेजींचं बोलणं झालं. मांडवात पुढे ह्यांचा फोटो, त्याच्यापुढे मेणबत्त्या. फुलं वाहायला पहिला मान माझा. बायका अशा दाटीने बसल्या होत्या की फोटोपर्यंत मुंगीला जायला जागा नव्हती, आणि मी मागे खुर्चीवर, दुखऱ्या गुडघ्यांची राणी. मुलगा लोकांना सरकवायला उठणार होता. तेवढ्यात माझ्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या नातीने दुसरं गाणं लावलं.

खर्र, खट्, खर्र, खर्र.

पुढे बसलेल्या म्हाताऱ्या, माझ्याच वयाच्या, एकमेकींशी बोलत होत्या. बोलता बोलताच त्यांनी पाय आवरले, पदर ओढून घेतले, आणि निम्म्या डावीकडे, निम्म्या उजवीकडे सरकल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मधे फोटोपर्यंत सरळ वाट झाली. तरुण बायका बघतच राहिल्या.

“ह्या काहून सरकल्या व?” नातीने माझ्या कानाशी विचारलं.

तिला उत्तर दिलं ते वाटेच्या कडेला, आमच्या जवळच बसलेल्या माझ्या जावेने. “नवरी येते ना आता,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने दचकून तिने तोंडावर हात ठेवला.

बासरी सुरू झाली होती. मी नातीच्या हाताला धरून उठले, ओंजळीत फुलं घेतली आणि त्या वाटेने हळूहळू पुढे गेले.

ह्या खेपेला नवरदेव जागेवर होता.