आबांच्या मापाची चप्पल

चामड्याचं काम घरी शिकायचं असेल तर पहिली गोष्ट, पर्स करायला घेऊ नका. सगळ्यांना पर्सच करायची असते. आमच्या शाळेतल्या एक बाई हे काम शिकायला म्हणून पहिल्याच रविवारी मोबाइलवर लाल पर्सचा फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी त्यांच्या हातात टाकाऊ चामड्याचा तुकडा दिला आणि म्हटलं, आधी किल्ल्यांना अडकवायची पट्टी करा. त्या रुसल्या. पण पट्टी झाली तेव्हा आठवडाभर स्टाफरूममध्ये किल्ल्या वाजवत फिरत होत्या.

मी धाराशिवला शाळेत गणित शिकवते. हे काम मला कोर्टाजवळ कडुलिंबाखाली चपला शिवायला बसणाऱ्या काकांनी शिकवलं. माझ्या पिशवीचा पट्टा तुटला होता. ते टाके घालत होते, मी बघत होते, आणि मला राहवलं नाही. "एक टाका मी घालू का?" असं विचारलं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हाताला आरी लागली तर उद्या फळ्यावर कशानं लिवताल, बाई?" म्हणाले, पण आरी दिली. पुढं दोन वर्षं मी दर रविवारी सकाळी तासभर त्यांच्यासमोर पोत्यावर बसले. फी घ्यायला ते तयार नव्हते, म्हणून समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा हा माझा नेम. येणारेजाणारे बघायचे. बघू देत. बाईमाणसानं कशाची लाज बाळगायची याची यादी मी फार पूर्वीच फाडून टाकली आहे.

त्यांच्याकडून शिकलेलं थोडक्यात सांगते. नवीन हत्यारांच्या मागं लागू नका. चामडं कापायला एक धारदार रापी, भोकं पाडायला एक आरी, दोन सुया आणि मेण लावलेला दोरा एवढं पुरतं. नाचता येईना अंगण वाकडं, असे लोक हत्यारंच विकत घेत बसतात. नमुना आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर काढा. पत्रिका फुकट असते आणि चामडं नसतं. जनावराच्या पाठीचं चामडं ताठ असतं, पोटाचं सैल, त्यामुळं पट्टे नेहमी पाठीच्या चामड्यातून कापा, नाहीतर दोन महिन्यांत लोंबतील. वाकवायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, बादलीत बुडवू नका. आणि उन्हात वाळवू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात चामड्याचा पापड होतो.

तेलाचं मात्र मला चूक करून कळलं. आमच्या घरात भाजी करडीच्या तेलात, लोणचं करडीच्या तेलात, दाराची कुरकुर घालवायलाही करडीचंच. मग पहिला कमरपट्टा झाल्यावर मी त्याला दुसरं काय लावणार? दोनदा चोळून लावलं, मोठ्या कौतुकानं खुंटीला टांगला. आठवड्यात पट्टा गुळासारखा चिकट झाला, त्याला वास यायला लागला, आणि एके सकाळी बघते तर उंदरांनी कडा कुरतडलेल्या. काका पोट धरून हसले. "बाई, तुमी त्याला फोडनी द्यायची तेवडी ठिवली!" मग म्हणाले, एरंडेल लावा, तेही बोटावर मावेल एवढंच.

त्यानंतर माझ्या हातून दप्तरं झाली, चष्म्याची घरं झाली, नवऱ्याच्या घड्याळाचा पट्टा झाला. मला माझा अभिमान वाटायचा, आणि तो मी लपवतही नव्हते.

मग तामलवाडीहून आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. शेत धाकट्या दिराकडं सोपवून ते आमच्याकडं राहायला आले, कारण साखर वाढली होती आणि उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी जखम झाली होती. दुकानातल्या चपलेचा अंगठा, म्हणजे बोट अडकवायची वादी, तिथंच घासायची. पाय बधिर, त्यामुळं आबांना कळायचंही नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, जखम अशीच चिघळत राहिली तर बोट काढावं लागेल, आणि बोटावर थांबेल असं सांगता येत नाही. अनवाणी चालायचं नाही, रुंद आणि मऊ चप्पल हवी, बोटांच्या मध्ये काही नको.

दुकानात मिळालेल्या तसल्या दोन चपला आबांनी "ह्या दवाखान्यातल्या" म्हणून कोपऱ्यात टाकल्या आणि अनवाणी फिरायला लागले. मी ठरवलं, मीच करते. अंगठा नसलेली, वरून दोन रुंद पट्टे, आत मऊ मेंढीचं कातडं. पण माप कसं घेणार? सुनेनं पायाला हात लावलेला आबांना चालायचा नाही. एकदा ते अंघोळ करून बाहेर आले आणि शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले. मी धावत जाऊन खडूनं दोन्ही ठशांच्या कडा काढून घेतल्या. गणिताच्या बाईला एवढं तर यायलाच हवं, असं मनाशी म्हटलंसुद्धा.

तीन रविवार लागले. चप्पल देखणी झाली, खरंच सांगते. ती मी आबांपुढं ठेवली. आबांनी बघितली आणि पाय मागं घेतला.

"पोरी, हे आपलं काम न्हाय. ज्याचं त्यानं करावं. म्या न्हाय घालनार."

माझं डोकं फिरलं. पायाचं बोट जायची वेळ आली आणि यांचं हे! मी म्हटलं, "आबा, तुमच्या विहिरीवर मोट होती ना? चामड्याचीच होती की ती. तिचं पाणी पिऊन तुमची ज्वारी वाढली, ती तुम्ही खाल्ली. तेव्हा नव्हतं का अडलं काही?" आणखीही बरंच बोलले. जग कुठं गेलं, तुम्ही कुठं राहिलात, हे सगळं. आबा उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. अनवाणीच फिरत होते आणि जखमेवरची पट्टी संध्याकाळी ओली निघत होती. मला राग येत होता आणि भीतीही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी मी पट्टी बदलत होते. आता तेवढं ते करू द्यायचे, नाइलाजानं. आबा खिडकीकडं बघत म्हणाले, "मोटंचं तू म्हनलीस ते खरं हाय. मोट शिवनारा मानूस बांधावर बसून भाकर खायाचा. आमी विहिरीपाशी. तवा आमचं चुकलं, आता कळतंय." मग माझ्याकडं वळले. "तुला कुनी शिकवलं हे?"

मी काकांबद्दल सांगितलं. दोन वर्षं, दर रविवार, सगळं.

"मग ते कदी आले आपल्याकडं?"

मी पट्टीचा पुढचा वेढा घ्यायला लागले.

"त्येंचं काम घरात आनलंस. मानूस न्हाय आनलास. आमी अडानी होतो. तू तर शिकल्याली हायेस."

माझ्या हातात पट्टीचं टोक तसंच राहिलं. माझ्या मनात कधी काही नव्हतं हे मी कुणाच्याही शपथेवर सांगू शकले असते, आणि तरी दोन वर्षांत मी त्यांना एकदाही या म्हटलं नव्हतं. चहा टपरीवरचा. पोतं त्यांचं. सुचलंच नाही, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते मलाच पटलं नाही. मला लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर गेले. चप्पल दाखवली आणि म्हटलं, रविवारी जेवायला या, आबांचा पायही बघा. काकांनी चप्पल उलटीपालटी केली, पट्टा ओढून बघितला. "पाय काय नुसता खालनंच असतोय व्हय? वरचं माप कुटं हाय?" मी ठशाची गोष्ट सांगितली. हसू दाबत ते म्हणाले, "येतो. दोरा घिऊन येतो."

रविवारी काका धुतलेला सदरा घालून आले. आबा उठून उभे राहिले आणि त्यांना आपल्या शेजारी पलंगावर बसवलं. काका माप घ्यायला खाली बसायला लागले तसं आबांनी त्यांचा दंड धरला. "खाली नगा. माझाच पाय वर घेतो." त्यांनी पाय पलंगावर घेतला, काकांनी जखमेपासून चार बोटं लांब दोरा गुंडाळला, दोन ठिकाणी गाठ मारली. सगळे पट्टे दोन बोटं आखूड निघाले. काकांनी ते उसवले, मी नवीन कापले, त्यांनी सांगितलं तिथं टाके घातले. आबा एकेक टाका बघत होते. मग चप्पल त्यांनी स्वतःच पायात सरकवली आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले. "न्हाय लागत कुटं," म्हणाले.

दोघं शेजारी बसून जेवले. हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं होतं, भाकरी होती, आबांनी आग्रह करून काकांना दोनदा वाढायला लावलं. त्या दिवसापासून आबा अनवाणी फिरले नाहीत, आणि महिन्याभरात जखम सुकत आली.

त्या रविवारी जेवण झाल्यावर काका निघाले. दारात थांबून त्यांनी गल्ली दोन्हीकडं न्याहाळली. ऊन कडक होतं, म्हणून मी म्हटलं, "काका, रिक्षा बोलावते."

"रिक्षा कशाला, बाई?" काका म्हणाले. "इथनं माज्या घरापतुर पाच मिन्टाची तर वाट हाय."